याच्यापाशी कोणी बसलंच नाही

मावशींनी पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला, मग रस्सा पोळीला लावून जिभेवर जरा घोळवला आणि म्हणाल्या, "चांगलं झालं वो. पन याच्यापाशी कोनी बसलंच नाही वाटते." एवढंच. पुढे त्या पोटभर जेवल्या, रस्सा पुन्हा मागून घेतला, सुपारी कातरत माझ्या मुलीच्या लग्नाची चौकशी केली आणि ऑटो आला तशा निघून गेल्या. मावशी नात्यातल्या नव्हेत. इतवारीतल्या एका सावजी भोजनालयाच्या चुलीपुढे त्यांचं आयुष्य गेलं. मटण किती शिजलंय हे त्यांना झाकण न काढता वासावरून कळतं, असं त्यांच्याबद्दल सगळे सांगतात आणि ते खरं आहे. त्यांनी मीठ कमी म्हटलं असतं, मसाला कच्चा म्हटलं असतं, तर मी पुढच्या वेळी सुधारलं असतं. हे काय सुधारणार? पायाच्या रश्शापाशी खरोखरच कोणी बसलं नव्हतं. सकाळी स्लो कुकरचं, म्हणजे विजेवर तासन् तास मंद शिजवणाऱ्या भांड्याचं, बटण फिरवून मी बर्डीच्या बाजारात गेले होते, तिथून बँकेत, आल्यावर एक झोप काढली होती. चवीवरून हे कळतं कसं, हा एक प्रश्न. आणि कळलं तर मला लागलं का, हा दुसरा.

नागपूरच्या मे महिन्यात गॅसपाशी उभं राहणं म्हणजे काय, हे इथल्या कुणाला सांगायला नको. बाहेर पारा 45 च्या वर. कूलरची हवा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येते आणि तिथेच तिला थांबवावं लागतं, कारण ती आत आली की गॅसची ज्योत फडफडून विझते. म्हणजे सगळ्या घराला वाळ्याचा वास आणि गारवा, आणि जी बाई त्या घरासाठी रांधते तिच्यासाठी पदराने घाम पुसणं. मुलीने स्लो कुकर पाठवला तेव्हा मी नाक मुरडलं होतं. आणखी एक भांडं, आणखी एक वायर. पण त्या यंत्राला ज्योतच नाही. 200 वॅटच्या आसपास वीज घेतं, आठ तास चाललं तरी दीड-पावणेदोन युनिट. चिनी मातीचं जड भांडं आतल्या आत तापत राहतं, ओट्याला चटकासुद्धा लागत नाही, आणि कूलर खुशाल स्वयंपाकघरात वळवता येतो. माझं मत बदललं ते एवढ्या एका गोष्टीने. चव वगैरे नंतर.

चवीसाठी मात्र त्याच्या कलाने घ्यावं लागतं. बकऱ्याचे पाय भाजून, खरवडून, तुकडे करून आणायचे. सावजी मसाला कढईतच परतायचा, त्याला पर्याय नाही. धणे, खसखस, सुकं खोबरं, जवस, दगडफूल, मसाला वेलची, मिरे हे सगळं वेगवेगळं भाजून वाटलेलं, त्यात लसूण-आलं, भाजलेला कांदा, आणि तेल सुटेपर्यंत परतणं. तर्री यायची ती इथे येते. स्लो कुकरमध्ये काही करपत नाही, आणि म्हणूनच काही खमंगही होत नाही. तिथे फक्त शिजतं. पाणी नेहमीच्या निम्म्याने घालायचं, कारण वाफ झाकणाला लागून परत खालीच येते, आटत काहीच नाही. आणि झाकण उघडायचं नाही. एकदा उघडलं की गेलेली उष्णता भरून यायला वीस मिनिटं तरी जातात. 'लो' आणि 'हाय' या दोन खुणांचा अर्थ मंद आणि मोठी आच असा मी लावला होता, बहुतेक सगळे तसाच लावतात. पण शेवटी दोन्हीकडे रस्सा उकळीच्या जरासा अलीकडेच येऊन थांबतो, एकाने लवकर, एकाने उशिरा. त्या तापमानात तासन् तास राहिलं की हाडाला चिकटलेली शीर, कातडी, कुर्चा हे सगळं हळूहळू सुटतं आणि रश्शात उतरतं. बोटं एकमेकांना चिकटतात तो चिकटपणा हाच. प्रेशर कुकरच्या शिट्ट्यांनी पाय मऊ होतात, नाही असं नाही, पण रस्सा गढूळ होतो. इथे तो काळाभोर आणि नितळ राहतो, वर तर्री. राजम्याचं तेवढं लक्षात ठेवा: तो भिजवून, पाणी बदलून, गॅसवर दहा मिनिटं तरी खळखळ उकळून मगच यात टाकायचा. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारं विष असतं आणि या मंद आचेने ते मरत नाही, उलट वाढू शकतं.

आणि मग उरतात सात-आठ तास.

या तासांचं काय करायचं, यातून आमच्या घरात बिअर आली. मुलगी पुण्याला असते. पुण्यात 2009 साली डूलाली सुरू झालं, जागच्या जागी बिअर बनवून विकणारं, तेव्हापासून तिकडच्या पोरांना बिअरमध्ये गहू कोणता, यीस्ट कुठलं, असं बोलायची सवय लागली आहे. आमच्या काळी बिअर म्हणजे थंड आहे की नाही, एवढाच प्रश्न. ती येताना वेगवेगळे कॅन आणते, आता आपल्या धरमपेठेतल्या दुकानांच्या फ्रीजमध्येही खालच्या कप्प्यात काही मिळतात. रविवारी ऊन उतरलं की मी आणि नवरा एक कॅन उघडतो आणि चहाच्या कटिंगच्या दोन ग्लासांत वाटून घेतो. पोट भरायचं नसतं, चव बघायची असते. परवाना दोघांचाही आहे. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली बिअर प्यायलाही परवाना लागतो, आणि तो आरोग्य राखण्यासाठी म्हणून दिला जातो. सही करताना मला हसू आवरेना. माझ्या आरोग्याची शासनाने इतकी काळजी आजवर कधी केली नव्हती.

गव्हाच्या बिअरला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. मी कॅनवरची अक्षरं चष्मा लावून वाचली, केळं नाही, लवंग नाही. हे दोन्ही वास यीस्ट तयार करतं, साखर खाता खाता. दुसऱ्या एका प्रकारात मात्र खरोखरच वरून घालतात, आणि काय घालतात तर धणे आणि संत्र्याची साल! धणे कुटून सावजी मसाला करणारं, संत्र्यावर नाव लावून बसलेलं आपलं गाव, आणि ही बिअर बेल्जियमची. हूगार्डन नावाच्या खेड्यातली तिची शेवटची भट्टी 1957 साली बंद पडली. पुढे काही वर्षांनी पिएर सेलिस नावाच्या तिथल्याच एका दूधवाल्याने ती पुन्हा सुरू केली, म्हणून आज ती जगभर मिळते. त्यांची साल कडू संत्र्याची असते, आपल्या संत्र्याची नव्हे. नागपुरी संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण सालीची किंमत अजून कुणाला कळलेली नाही. संत्र्याच्या आंबिया बहारात घरोघर त्या सैल, तेलकट साली कचऱ्यात जातात. मी हल्ली वाळवून ठेवते. नवरा विचारतो कशाला. बघू.

आयपीए नावाचा प्रकार नवऱ्याला फार आवडतो. कडू, झणझणीत वासाचा, हॉप्सच्या फुलांचा. तो पायाबरोबर पिऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तो कडूपणा आणि तो फेस सावजीचं तिखट जिभेवर असं पसरवतात की कानातून वाफा निघतात. नवरा डोळ्यांतून पाणी काढत "मस्त जमतंय" म्हणतो. म्हणू दे. माझी निवड स्टाउटची. जवाचे दाणे काळे होईस्तोवर भाजलेले, त्यामुळे कॉफी न घालता कॉफीचा वास, किंचित गोडसर, तिखटाला शांत करणारी. रस्साही भाजूनच काळा झालेला, बिअरही. ही बिअर फार थंड प्यायची नसते असं म्हणतात, कारण गारठ्यात वास दबून राहतो. आमच्याकडे त्याची चिंताच नाही. फ्रीजमधून काढलेला ग्लास मेच्या संध्याकाळी पाच-दहा मिनिटांत आपला आपणच खुलत जातो. पहिल्या घोटाला नुसता गारवा, मधल्या घोटाला भाजका वास, शेवटी चॉकलेटसारखं काहीतरी. एकाच ग्लासात सगळे टप्पे. युरोपातल्या माणसाला यासाठी वाट पाहावी लागत असेल, आम्हाला ऊन मदत करतं.

हे सगळं वाचून मी फार मोकळी बाई आहे असं वाटेल. तसं नाही.

माझं माहेर वर्ध्याचं. सेवाग्राममुळे वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, ती आजही आहे. म्हणजे कागदावर. आमच्या घरामागच्या गल्लीत हातभट्टीची यायची आणि तिथल्या एका घरातून रात्री जे आवाज यायचे ते ऐकू नयेत म्हणून आई रेडिओ मोठा करायची. सकाळी ती शेजारीण आमच्याकडे विरजण मागायला यायची आणि तिच्या चेहऱ्याकडे कोणी बघायचं नाही, हा जणू शिष्टाचार होता. दारू म्हणजे ते घर, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. 2010 च्या हिवाळ्यात, अधिवेशनाच्या वेळी, चंद्रपूर जिल्ह्यातल्या हजारो बाया दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरपर्यंत पायी चालत आल्या. 2015 साली त्यांना बंदी मिळाली, 2021 साली ती उठली. बंदी असावी की नसावी यावर मी दोन्ही बाजूंनी भांडू शकते, आणि भांडलेही आहे. पण त्या चालत आलेल्या बायांपैकी एखादी माझ्या ओट्यापाशी उभी राहिली आणि तिने विचारलं, 'हे काय वो ताई?' तर केळ्याचा वास आणि धण्याची पूड तिला कोणत्या तोंडाने सांगू? कटिंगच्या ग्लासातली माझी बिअर आणि त्या गल्लीतली पाण्याच्या पिशवीतली दारू, दोन्ही एकच आहेत असं मला वाटत नाही. वेगळ्या आहेत असं ठामपणे म्हणतानाही जीभ अडखळते.

पुरुषांचं बरं असायचं. आमच्या लहानपणी काकांच्या शेतावर पार्ट्या व्हायच्या. "आज बसायचं काय?" एवढं एकाने विचारलं की बाकीच्यांना सगळं कळायचं. बंदीच्या जिल्ह्यातही सामान कुठून तरी यायचं. तीन दगडांची चूल, त्यावर मटणाचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, खाली तुराट्या आणि बाभळीचं लाकूड, आणि काका हातात लांब दांड्याचा चमचा घेऊन पाटावर बसलेले. काकांच्या हातच्या मटणाला आजही नातेवाइकांत तोड नाही, असं सगळे म्हणतात, आणि ते मटण होतंच तसं. फक्त त्याचा मसाला आदल्या रात्री आई आणि काकू पाट्यावर वाटायच्या. वरवंट्याचा आवाज मला झोपेत ऐकू यायचा. कणीक त्यांनी भिजवून दिलेली, सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडून, धुऊन, ओल्या फडक्यात बांधून दिलेला. त्या पार्टीला मात्र जात नसत. दुसऱ्या दिवशी बुडाला काजळी धरलेला गंज बैलगाडीतून घरी यायचा आणि अंगणात राखेने, नारळाच्या शेंडीने आई तो घासायची. गंज आईचा, मसाला आईचा, मटण काकांचं.

बव्हेरियात 1516 साली एक कायदा झाला, बिअर कशापासून बनवायची याचा. जव, हॉप्स आणि पाणी, बस्स तीनच. त्यात बिअर आंबवणाऱ्या यीस्टचं नाव नाही. त्याचं काम काय, हे तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हतं, कळायला पाश्चरपर्यंत, म्हणजे एकोणिसाव्या शतकापर्यंत थांबावं लागलं. मुलीने हे मला फोनवर गंमत म्हणून सांगितलं. मला अंगणातला गंज आठवला. तिला तसं बोलून दाखवलं नाही.

आईच्या चुलीला वैल होता. मुख्य जाळावर भाकरी, भात, आणि बाजूच्या वैलावर, उरलेल्या आचेवर, दूध नाहीतर तुरीचं वरण. दुधावर साय तांबूस व्हायची. ते वरण मी पुन्हा कुठे खाल्लं नाही, आणि आता तर आठवणीत त्याची चव इतकी वाढली असणार की प्रत्यक्ष मिळालं तरी पटणार नाही. वैलापाशी आई सतत बसलेली असायची. पण ते बसणं म्हणजे तांदूळ निवडणं, शेंगा सोलणं, आम्हाला पाढे म्हणायला लावणं, मधेच फुंकणीने फुंकणं आणि धुराने लाल झालेल्या डोळ्यांनी दाराकडे बघणं, कोण आलं म्हणून. तिने पाय पसरून, भिंतीला टेकून, काहीही न करता बसल्याचं मला एकही चित्र आठवत नाही. मावशींच्या वाक्याने मला टोचलं ते या आईमुळे. मी तिच्या चुलीला सोडून दिलं आणि वर तिच्या चवीची वाट पाहते आहे, असं काहीतरी.

मग कधीतरी या स्लो कुकरची जन्मकथा वाचली. अमेरिकेतल्या अर्व्हिंग नॅक्सनने त्यासाठी 1936 साली पेटंटचा अर्ज केला, 1940 साली ते मिळालं. पुढे 1970 साली दुसऱ्या कंपनीने त्याचा व्यवसाय विकत घेतला आणि 1971 पासून हे भांडं 'क्रॉक-पॉट' या नावाने घराघरांत गेलं. पण कल्पना त्याची नव्हे, त्याच्या आईच्या आठवणीतली. ती लिथुआनियातली, ज्यू. त्यांच्यात शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारची रात्र होईपर्यंत काम करायचं नाही, विस्तव पेटवायचा नाही. म्हणून शुक्रवारी दिवस असतानाच बीन्स, जव, बटाटे, मांस असं सगळं मडक्यात भरून ते गावातल्या बेकरीत नेऊन द्यायचं. बेकरीची भट्टी विझवलेली, पण तिच्या उरलेल्या उबेवर ते रात्रभर शिजायचं आणि दुसऱ्या दिवशी देवळातून परतताना घरी यायचं. आपला वैलच, गावाएवढा. फरक एवढाच की त्या मडक्यापाशी कोणी बसत नसे, बसायची परवानगीच नव्हती. त्या दिवशी बाईनेही काम करायचं नाही, म्हणून तो पदार्थ तसा झाला.

हे मी मावशींना सांगितलं. त्या पुन्हा आल्या होत्या, त्यांच्याकडच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन. ओट्यावर कुकर लागलेला, दुपारची वेळ, नवरा क्रिकेट बघत होता आणि मी स्टाउटचा ग्लास लपवावा की लपवू नये या विचारात उभी. लपवला नाही. मावशींनी गोष्ट शांतपणे ऐकली, म्हणाल्या, "मंग बरं होतं त्याइच्या बायाचं." आणि मग, जरा थांबून, गुडघ्यावर हात फिरवत, "मी तं लय बसली वो चुलीपाशी. हे पाय बसून बसूनच गेले." माझ्या ग्लासाकडे बोट दाखवून त्यांनी हे काय म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी हातात घेऊन हुंगलं, ओठाला लावलं. "काढ्यावानी हाय," म्हणाल्या आणि ग्लास परत दिला, पण तोंड वाकडं केलं नाही. मग कुकरभोवती एक फेरी मारली, काचेच्या झाकणातून आत पाहिलं, हात पुढे नेला, मी "मावशी, उघडू नका" म्हणाले, आणि त्या खो-खो हसल्या. त्यांना आयुष्यात झाकण उघडू नको म्हणणारं कोणी भेटलं नसावं. "याले बिल किती येते?" मी सांगितलं. "अन् लाइट गेली तं?" मी म्हटलं, थोडा वेळ गेली तर भांडं गरम राहतं, फार वेळ गेली तर गॅसवर घ्यायचं, नाहीतर फेकायचं. फेकायचं म्हटल्यावर मात्र त्यांचा चेहरा पडला.

पहिल्या वेळी त्या जे म्हणाल्या तो ठपका होता असं मी धरून चालले होते. आता सांगता येत नाही. चव मात्र वेगळी आहे हे त्यांचं खरं. जो रश्शापाशी बसतो तो ढवळतो, चाखतो, पाण्याचा हबका मारतो, मीठ टाकतो, एखादं लाकूड मागे ओढतो. त्या सगळ्या छोट्या ढवळाढवळीची एक चव असते, थोडी इकडे, थोडी तिकडे. माझ्या रश्शात ती नाही. तो सरळ आहे, खोल आहे आणि दर रविवारी जवळजवळ तसाच आहे. मला कधी कधी त्या तसेपणाचाच कंटाळा येतो आणि मी मुद्दाम दिवाळीच्या आसपास, हवा बरी असते तेव्हा, गॅसवर गंज चढवते आणि पाशी बसते. तेव्हा बिअर घेत नाही, लक्ष राहत नाही.

बाकीचे रविवार मात्र कुकरचे. सहाच्या सुमारास घरभर दगडफुलाचा वास पसरतो, खालच्या मजल्यावरचा मुलगा उगाच काहीतरी मागायला येतो, मी कॅन उघडते, खुर्ची कूलरपुढे ओढते, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवते. नवरा विचारतो, "काही करायचंय का?" भात लाव, म्हणते. तो लावतो. जेवण झाल्यावर उरतं ते चिनी मातीचं भांडं. गरम असताना त्यावर गार पाणी पडलं तर तडकतं, म्हणून ते रात्रभर तसंच ठेवावं लागतं, आणि सकाळपर्यंत पायाचा रस्सा कडेला असा गोठून बसतो की गरम पाण्यात भिजवून, नखाने खरवडून काढावा लागतो. वर ते इतकं जड की एका हाताने उचलत नाही. ते तो घासतो. पहिल्या रविवारीच ठरलंय.